मेंढरांचा उतार

आमच्या तलावाच्या घाटाला एकेचाळीस पायऱ्या आहेत. पाणी ओसरल्यावरच दिसणाऱ्या खालच्या तीन धरून. फलकाचा मजकूर लिहिताना आमचा सरपंच म्हणाला, "एक्कावन्न लिही. शुभ दिसतं."

"मोजून बघ," मी म्हणालो.

"लोक काय पायऱ्या मोजायला येणार हायेत व्हय?"

तरी मी एकेचाळीसच लिहिल्या. सरपंच माझा चुलतभाऊ, आम्ही दोघं एकाच वर्षी जन्मलेलो, त्यामुळे मला त्याच्याशी असं तोडून बोलता येतं. मी राहतो संभाजीनगरला. घरांचे नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत अंदाजपत्रकं करतो. किती विटा, किती वाळू, किती गज, हे सांगण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. गावाला पर्यटनस्थळाचा दर्जा मिळावा म्हणून गावानं अर्ज करायचं ठरवलं तेव्हा इतिहासाचं एक पान, प्रेक्षणीय स्थळांची यादी आणि तलावाच्या काठाचा नकाशा लागत होता. भाऊ म्हणाला, तुझ्याशिवाय हे कुणाला जमणार? मला ते ऐकून बरं वाटलं, हे आधीच कबूल करतो.

चार रविवार मी लासूर स्टेशनवरून गावाला जात राहिलो. टेप धरून भराव मोजला. सातशे बारा मीटर भरला. हिवाळ्यातले पाहुणे पक्षी मोजायला पहाटे बसलो. पहिल्यांदा तीनशे चौदा झाले, दुसऱ्यांदा दोनशे नव्याण्णव, म्हणून 'सुमारे तीनशे' लिहिलं. भावाला 'हजारो' पाहिजे होते. भरावावरचं महादेवाचं मंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधलं, असं पुजारी सांगतो. मी लिहिलं, 'जुने दगडी मंदिर'. तलाव कुणी बांधला याबद्दल कुणी राणीचं नाव घेतं, कुणी बैलांच्या तांड्यावर मीठ वाहणाऱ्या वणजाऱ्याचं. मी लिहिलं, 'बांधणारा अज्ञात'. निजामाच्या काळात तलावावर सरकारी राखणदार असायचा, त्याच्या चौकीचा चौथरा अजून आहे, तो यादीत घेतला. पोलीस अ‍ॅक्शननंतर काही वर्षांनी भराव उंच केला, पाणी चढलं, खालच्या अंगाची बाजारपेठ उठून आताच्या जागी आली आणि आमच्या खेड्याला शुक्रवारचा बाजार, दोन खानावळी, कापसाची वखार असं बारकं शहरपण आलं. हे मी जुन्या माणसांकडून ऐकलं, पण तिघांनी वेगवेगळं बसून एकच सांगितलं तेव्हाच लिहिलं. दर्ग्याचा उरूस, सांडव्यावरून पडणारं पाणी, घाटाखालचे तळलेले मासे, सगळं त्यात आहे.

त्या फलकावरचा एकही आकडा चुकलेला नाही. आजही कुणी टेप घेऊन जावं.

तलावाच्या उत्तर काठाला एक जागा आहे. गावात तिला 'उतार' म्हणतात, पूर्ण नाव 'मेंढरांचा उतार'. बाकी सगळा काठ काळ्या मातीचा. पाणी मागं हटलं की तिथं गुडघाभर गाळ राहतो. उत्तरेला मात्र मुरूम आहे, बारीक खडी आहे, आणि जमीन तळहातासारखी हळूहळू पाण्यात जाते. गावची मेंढपाळ घरं वर्षातून दोनदा, लोकर कातरायच्या आधी, मेंढरं तिथं धुतात. दोघं कमरेइतक्या पाण्यात उभी राहतात. तिसरा काठावरून एकेक मेंढरू आत ढकलतो. पाण्यातली दोघं त्याला अंगभर चोळतात आणि सोडून देतात. मग ते पोहत पाच-सहा हात पुढं जाऊन खडीवर चढतं आणि अंग झाडतं. पाणी चहाच्या रंगाचं होतं. धुतल्याशिवाय कातरलं तर लोकरीत माती राहते, कात्रीची धार जाते, आणि घोंगडीवाला तसली लोकर घेत नाही. आणि धुतलेलं मेंढरू परत गाळातून चालवलं तर धुण्याचा काही उपयोग नाही. म्हणून उतारच लागतो. दुसरी जागा नाही.

हे मला लहानपणापासून माहीत होतं. शाळा सुटली की आम्ही ते बघायला जायचो.

आणखी एक गोष्ट मला माहीत होती. माझे वडील त्या उतारावर जन्मले. रझाकारांच्या धास्तीनं आमच्या घरची माणसं घर सोडून आठ दिवस उतारावरच्या मेंढपाळांच्या वाड्यात लपली होती. तिथं काट्यांच्या कुंपणाआत, मेंढरांच्या मधोमध, माझ्या आजीच्या पोटात कळा सुरू झाल्या. बाळंतपण केलं ते मेंढपाळांच्या घरातल्या म्हातारीनं. नाळ तिनंच कापली आणि तिथंच मुरमात पुरली. चार दिवसांनी फौजा आल्या, पोलीस अ‍ॅक्शन झाली आणि घरची माणसं बाळाला घोंगडीत गुंडाळून घरी परतली. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मस्थळ म्हणून गावाचं नाव आहे. आमच्या घरात ही गोष्ट कुणी काढत नसे. वडिलांनी मला ती एकदाच सांगितली, शेवटच्या आजारपणात, आणि सांगून झाल्यावर म्हणाले, "तुझ्या काकाला माहीत आहे. बाकी कुणाला नाही." म्हणजे माझ्या चुलतभावालाही त्याच्या बापाकडून कळलं असणार. आम्ही दोघं यावर कधी बोललो नव्हतो.

नकाशा काढायला बसलो तेव्हा मी त्या गटाचा सात-बारा उतारा मागवला. उताराच्या जागेपुढं एकच शब्द होता: पोटखराब. ज्यांना शेतीचे कागद वाचायची वेळ येत नाही त्यांच्यासाठी सांगतो, गटातल्या ज्या तुकड्यात पीक घेता येत नाही त्याला पोटखराब म्हणतात. खडक, नाला, रस्ता, मुरूम. त्या शब्दात मेंढरं नव्हती, माणसं नव्हती.

"गाड्या लावायला जागा लागंल," भाऊ म्हणाला. "उत्तरेला मोकळंच हाय."

मी नकाशावर तिथं 'वाहनतळ' लिहिलं. पाण्याच्या कडेनं लोखंडी कठड्याची रेघ ओढली, सलग, पूर्ण लांबीची. रेघ ओढताना पेन्सिल थांबली होती. थांबली नव्हती असं म्हणालो तर खोटं होईल. पण मी स्वतःला सांगितलं, कागदावर जे आहे ते मी काढतो. पांडव नाकारले, हजारो पक्षी नाकारले, मग विनाकागदाचा उतार तरी कसा घ्यायचा? हे मला तेव्हा अगदी न्यायाचं वाटलं. एकच नियम सगळ्यांना.

नकाशा मंजूर करायला पंचायतीच्या खोलीत बैठक होती. सकाळची वेळ. सरपंच, सात-आठ सदस्य, ग्रामसेवक आणि मी. ग्रामसेवक बाहेरगावचा, नवीन आलेला, कामाला चोख. चर्चा कठड्याच्या रंगावर आली होती तेवढ्यात दारात आक्का उभी राहिली.

आक्का म्हणजे ज्या म्हातारीनं माझ्या वडिलांची नाळ कापली तिची नात. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी. एक मुलगा करमाडकडं कंपनीत जातो. घरी सून, दोन एकर कोरडवाहू आणि अडतीस मेंढरं. ती मला लहानपणापासून बापू म्हणते.

"काय आक्का, आज इकडं कशी?" सरपंच म्हणाला. "मेंढरं काय सरपंचाच्या वावरात सोडून आलीस का?"

"तुझ्या वावरात काय ठिवलंय खायला? ढेकळं?" आक्का म्हणाली. सगळे हसले. "मी इचारायला आले. उताराला गज लावणार म्हंत्यात. खरं हाय का?"

"गज नाय आक्का, कठडा. लोक बुडू नयेत म्हणून."

"लोकासाठी लाव की. माझी मेंढरं कुठून उतरायची?"

"एवढं मोठं तळं हाय. कुठूनबी उतरव."

"कुठूनबी? बरं, भरावाकडून उतरवते. तू ये मंग धोतर खोचून, रुतलेली मेंढी उपसायला."

"मी पँट घालतो आक्का."

"मंग पँट काढून ये."

खोली हसण्यानं भरून गेली. आक्काचं बोलणं गावाला आवडतं, ती आली की माणसं खूश होतात. ग्रामसेवक तेवढा हसला नाही. त्यानं फाईल उघडली आणि सरळ विचारलं, "बाई, ती जागा तुमची आहे का? उतारा आहे का तुमच्याकडे?"

"व्हय, हाय की," आक्का म्हणाली. "आज्या-पणज्यापासून हाय."

ग्रामसेवकानं मान वर केली. त्याला वाटलं, कागद निघाला. "मग दाखवा."

"दावायचं काय त्यात? चला माझ्यासंगं, दावते. समदं गाव रोज बघतंय, तुम्हीच तेवढं बघितलं नाय."

क्षणभर कुणाला कळलं नाही, आणि मग कळलं. तो उतारा मागत होता आणि ती उतार सांगत होती. एक सदस्य टेबलावर थाप मारून म्हणाला, "आक्काचा सात-बारा तळ्यात हाय, ग्रामसेवक! बुडी मारा!" दुसरा म्हणाला, "तलाठी बी मेंढरूच दिसतंय, सही काय खुरानं करतंय का?" सगळे हसत होते. सरपंचाच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मीही हसलो. तोंडदेखलं नाही, मनापासून हसलो. शब्दांची गंमत मला नेहमीच आवडते, आणि ही खरोखर चांगली जमली होती.

आक्काही हसत होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "बापू, तुला तर ठावं हाय समदं."

मी हसता हसता मान हलवली.

"बरं, येते मंग," ती म्हणाली. पायांत चपला सरकवून ती गेली.

खोलीत दोनच माणसं अशी होती की ज्यांना दोन्ही गोष्टी माहीत होत्या: उतार म्हणजे काय, आणि आपलं घर त्या जागेचं काय देणं लागतं. एक मी, एक सरपंच. ग्रामसेवकाला मी अर्ध्या मिनिटात सांगू शकलो असतो की साहेब, ही बाई कागदाबद्दल बोलत नाहीये. कठड्यात चार मीटरची फट ठेवायला माझ्या पेन्सिलीला तेवढाही वेळ लागला नसता. नकाशा मंजूर झाला. चहा आला. मी दोन कप घेतले.

घरी येऊन बायकोला हा किस्सा सांगितला. ती हसली नाही. "मग तुम्ही काय म्हणालात?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "मी काय म्हणणार? तो पंचायतीचा विषय आहे." नंतर कचेरीतही दोघातिघांना सांगितला. तिथं चांगला रंगला.

आक्का परत आली नाही. मी समजलो, तिनं मानलं. कठड्याचं काम निघालं तेव्हा ती मेंढरं घेऊन वैजापूरकडं चारणीला गेलेली होती. दोन महिन्यांनी परतली तेव्हा मुरमावर सिमेंटचे ठोकळे बसले होते, त्यावर गाड्यांसाठी पांढरे पट्टे होते, आणि पाण्याच्या कडेनं निळा कठडा होता. सलग. माझ्या रेघेबरहुकूम.

त्या वेळी मी गावात नव्हतो, पुढचं सगळं मला नंतर कळलं. कातरणीचे दिवस आले होते. तिनं खरंच भरावाकडून मेंढरं उतरवून बघितली. तीन मेंढ्या रुतल्या. दोन दोरानं ओढून काढल्या, एक गाभण होती, ती गाळातच मेली. मग सुनेनं आणि तिनं हापशावर बादलीनं धुवायचा प्रयत्न केला. हापशावर पाण्याला आलेल्या बायका भांडल्या, आणि त्यांचंही चुकलं नव्हतं. लोकर मातीसकट कातरावी लागली. घोंगडीवाल्यानं हात लावला नाही. पावसाळ्याआधी आक्कानं वीस मेंढरं लासूरच्या बाजारात नेऊन विकली.

मला हे भावानं फोनवर सांगितलं, दुसऱ्याच कुठल्या बोलण्यात. मी पुढच्या रविवारी गेलो. वाहनतळावर सात गाड्या होत्या. एक कुटुंब फलकापुढं उभं राहून मोठ्यानं वाचत होतं. 'घाटाला एकेचाळीस पायऱ्या आहेत.' त्यांच्यातल्या एकानं खरंच जाऊन मोजल्या आणि ओरडून सांगितलं, बरोबर आहे. मी तिथं थांबलो नाही.

आक्का दारात बसून लोकर विंचरत होती, मागच्या वर्षीची. तिनं सुनेला चहा ठेवायला सांगितला. मी काय बोलायचं ते ठरवून आलो होतो, पण तीच आधी बोलली.

"बापू, एक इचारू का? त्या दिशी तिथं लोक हसले कामून? पँटीवर हसले ते कळलं मला. पण मागून लई हसले. सुनंला इचारलं, लेकाला इचारलं, कुणी नीट सांगंना. मी काय चुकीचं बोलले व्हय?"

मी तिला समजावून सांगितलं. उतार वेगळा, उतारा वेगळा. उतारा म्हणजे सरकारी कागद, त्यावर जागा कुणाची ते लिहिलेलं असतं. ग्रामसेवक तो मागत होता. मी हे सगळं क्रमानं, सोपं करून सांगितलं. त्या खोलीत अर्ध्या मिनिटात झालं असतं, इथंही अर्धंच मिनिट लागलं.

तिच्या हातातली लोकर थांबली. "म्हंजी त्यो कागद मागत व्हता?"

"हो."

"आन मी म्हणलं हाय."

"हो."

"तुला तिथंच कळलं व्हतं?"

"कळलं होतं, आक्का."

तिनं लोकर बाजूला ठेवली. मग म्हणाली, "तू हसलास ना, मान बी हलवलीस, तवा मला वाटलं काम झालं. म्हणलं, बापू हसतोय म्हंजी काय काळजी नाय. त्याच्या हातात नकाशा हाय. म्हणून तर निवांत गेले चारणीला. नायतर गेले नसते. बसले असते तिथंच मेंढरं घिऊन, बघितलं असतं कोण गज रोवतो ते."

तोवर मी समजत होतो की मी गप्प राहिलो, एवढंच माझं चुकलं. तसं नव्हतं. माझं हसणं तिनं हमी म्हणून घेतलं होतं.

मी म्हणालो, "आक्का, तू त्या दिवशी माझ्या वडिलांचं का नाही काढलंस? नाळेचं? ते ऐकल्यावर सरपंच काय बोलला असता?"

तिनं दाराकडं बघितलं, सून आत आहे ना याची खात्री केली आणि आवाज खाली आणला. "तुझ्या आजीनं माझ्या आजीला शपथ घातली व्हती. मोठ्या घरचं लेकरू मेंढरात जन्मलं, हे कुठं बोलू नका, पुढं सोयरिकीला आडवं यील. आजीनं आईला सांगितलं, आईनं मला. आम्ही नाय बोललो कुठं. तुला कुणी सांगितलं?"

"वडिलांनीच."

"मंग बरं झालं," ती म्हणाली, आणि परत लोकर विंचरायला लागली.

चहा शेळीच्या दुधाचा होता. तो संपवून मी सुनेकडं एक कोरा कागद मागितला.

त्याच दिवशी तिच्या ओट्यावर बसून मी अर्ज लिहिला. कठडा चार मीटर कापून तिथं फाटक बसवावं, दोन्ही कातरणीच्या वेळी आठ-आठ दिवस वाहनतळ बंद ठेवून जागा मेंढरांना द्यावी, आणि नकाशावर 'मेंढरांचा उतार' हे नाव घालावं. जुन्या वहिवाटीला कागद नसतो तेव्हा जाणत्या माणसांची साक्ष चालते. पहिला साक्षीदार म्हणून मी स्वतःचं नाव घातलं, आणि मला ही जागा कशी माहीत आहे तेही खाली लिहिलं: माझे वडील इथे जन्मले. लिहिण्याआधी आक्काला विचारलं. ती म्हणाली, "तुझ्या घरची गोष्ट. शपथ आम्हाला व्हती, तुला नाय."

दुसरी साक्ष भावाची पाहिजे होती. माझ्याइतकंच त्यालाही माहीत होतं, आणि सरपंचानं सही केली तर पुढं कुणी अडवणार नव्हतं. तो घराच्या ओसरीवर मोबाईल बघत बसला होता. मी कागद त्याच्यापुढं धरला. त्यानं सगळा वाचला, शेवटच्या ओळीवर थांबला, परत वाचला.

"हे चारचौघांत जाणार?"

"जाणार."

"आपली पोरं लग्नाला आलीत."

"माहीत आहे."

त्यानं कागद गुडघ्यावर ठेवला. रागावलेला दिसत नव्हता. म्हणाला, "तू मला एक सांग. मी सरपंच हाय, मला मतं लागत्यात, मी हसलो. तुला काय पाहिजे व्हतं? तू तर पायरी सुदिक जास्तीची लिहू दिली नाय. मंग त्या दिशी तू कामून नाय बोलला?"

मी त्याच्यासमोर उभा होतो. खूप कारणं मनात आली. कागद नव्हता, बैठक त्याची होती, ग्रामसेवक नवा होता. एकही तोंडातून बाहेर काढण्याच्या लायकीचं नव्हतं.

"सगळे हसत होते," मी म्हणालो. "मला त्यांच्यातलं व्हायचं होतं."

त्यानं पेन मागितलं नाही आणि कागदही परत दिला नाही. आतून वहिनीनं जेवायला हाक मारली. तो उठला, जाताना म्हणाला, "बस, जेवून जा." मी बसलो नाही. शेवटची बस गाठायची होती, हे खरं होतं, पण तेवढंच खरं नव्हतं.